कारागृहांतील बालकें आणि ख्रिस्तसभेची सेवा

आपल्या धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त निघत असलेल्या ह्या स्मरणिकेंत देवळाच्या बांधकामाचा, शाळेचा व आमच्या पूर्वीं येथें झिजलेल्या पुरोहितांचा इतिहास इतर लेखकांनीं योग्य प्रकारें दिला आहे. त्याची पुनरुक्ति करण्याऐवजीं आम्ही वाचकांचें लक्ष एका निराळ्या इतिहासाकडे वेधूं इच्छितों. ज्युबिली हा शब्द मूळचा हिब्रू भाषेंतला. एडक्याच्या शिंगाचा जो कर्णा करीत, त्याच्या नांवावरून तो आला आहे. मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणें पन्नासाव्या वर्षीं हा कर्णा वाजे, आणि तो वाजतांच दास मोकळे होऊन आपापल्या कुटुंबांत परत जात. तेव्हां ज्युबिली ही मुळांत पताकांची व मिरवणुकीची गोष्ट नव्हे. ती सुटकेची गोष्ट आहे. जो धर्मग्राम ज्युबिली साजरी करितो, त्यानें एक प्रश्न स्वतःस विचारणें प्राप्त आहे: आपल्या आसपास कुलुपाआड असलेल्यांत सर्वांत लहान कोण, आणि त्यांच्याकडे कोण जातो?

ह्या विषयावर लिहिण्याचा आम्हांस अधिकार आहे असें आम्ही म्हणत नाहीं. ऋण मात्र आहे. पुरोहितपदाच्या पहिल्या वर्षांत एका नाताळांत आम्ही युवकांचा मेळा घेऊन एका रिमांड होममध्यें गेलों होतों. गाणीं झालीं, केक वाटला, मुलांनीं टाळ्या वाजविल्या. निघतांना तेराचवदा वर्षांचा एक मुलगा दारापर्यंत आला व म्हणाला, "फादर, परत केव्हां येणार?" आम्हीं "लवकरच" म्हणून सांगितलें. आम्ही गेलों तें थेट पुढच्या नाताळांत. तो मुलगा तेथें नव्हता. चौकशी केली, तेव्हां "कोणता मुलगा?" असा उलट प्रश्न आला, आणि आम्हांस उत्तर देतां येईना, कारण त्याचें नांव आम्हीं विचारलेंच नव्हतें.

त्या दिवसापासून ख्रिस्तसभेचा इतिहास वाचतांना आम्हांस त्या मुलाचा प्रश्न पुन्हां पुन्हां ऐकूं येतो. बंदींतील बालकांची सेवा कोठें फळास आली व कोठें बिघडली, हें ज्या एका कसोटीवर ठरतें, ती कसोटी त्या प्रश्नांतच आहे, असें आमचें मत झालें आहे.

रोममधील साखळी आणि वेदी

बंदिवानांस भेट देणें हें दयेच्या शारीरिक कृत्यांपैकीं एक, हें प्रत्येक कॅथलिक बालक धर्मशिक्षणाच्या वर्गांत शिकतें. प्रभु येशू ख्रिस्तानें अखेरच्या न्यायाचें जें चित्र रेखाटलें, त्यांत तो स्वतः बंदिवानाच्या जागीं उभा आहे. प्रेषित पौल तर स्वतः बेड्यांत असतां अनेसिम नांवाच्या पळून आलेल्या दासाचा आध्यात्मिक पिता झाला, आणि त्याला दास म्हणून नव्हे तर बंधु म्हणून परत स्वीकारावें, अशी विनंती त्यानें त्याच्या धन्यास पत्रानें केली. तुरुंगांत जोडलेलें नातें तुरुंगाबाहेर निभावून नेण्याचा हा आमच्या शास्त्रांतील पहिला दाखला.

परंतु अल्पवयी अपराध्यांस प्रौढांपासून वेगळें ठेवावें, हें जगास उमजावयास फार काळ लागला. शतकानुशतकें बारा वर्षांचा खिसेकापू व चाळीस वर्षांचा दरोडेखोर एकाच कोठडींत पडत; पहिला दुसऱ्याचा शिष्य होऊनच बाहेर येई. अकरावे क्लेमेंट पोपमहाशय ह्यांनीं इ. स. १७०३ मध्यें हा प्रघात मोडण्याचें ठरविलें. रोममध्यें टायबर नदीच्या कांठीं, रिपा ग्रांदे येथें, सांत मिकेलेच्या विस्तीर्ण धर्मादाय वास्तूंत त्यांनीं वीस वर्षांखालील मुलांसाठीं स्वतंत्र सुधारगृह बांधविलें. कार्लो फोंताना हा त्याचा शिल्पकार. मध्यें उंच दालन, त्याच्या दोन्ही अंगांस तीन मजल्यांवर सुमारें साठ कोठड्या, आणि दालनाच्या टोंकास वेदी, अशी ती रचना होती. प्रत्येक मुलास आपल्या कोठडींतून पवित्र मिस्सा पाहतां यावी, हा हेतु. दिवसा मुलें त्या दालनांत बसून सूत कातीत व धर्मपर वाचन ऐकत. दुष्टांस शिक्षेनें नुसतें दाबून ठेवणें पुरेसें नाहीं, शिस्तीनें त्यांस चांगलें करावयास हवें, अशा आशयाचा लॅटिन लेख तेथें कोरला होता. इंग्लंडचा प्रसिद्ध कारागृह-सुधारक जॉन हॉवर्ड ह्यानें तो पाहिला आणि जगापुढें मांडला.

पुढील काळांतील सुधारगृहांचा हा एक मूळ नमुना होय, आणि त्याबद्दल आम्हांस अभिमान वाटावा हें योग्यच आहे. तथापि चित्राची दुसरी बाजू झांकणें बरोबर नाहीं. त्या दालनांत सूत कातणाऱ्या मुलांच्या पायांत साखळी असे, बोलण्यास बंदी असे, व चुकणाऱ्यास फटके मिळत. डोळ्यांपुढें वेदी आणि पायांत साखळी! ख्रिस्तसभेनें बालकांस वेगळी जागा दिली. परंतु त्या जागेंत त्यांच्याशीं कसें बोलावें, हें शिकण्यास तिला आणखी दीडशें वर्षें लागलीं.

तुरीनचे दोन पुरोहित

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास उत्तर इटलींतील तुरीन शहर झपाट्यानें वाढत होतें. डोंगराळ खेड्यांतून पोटासाठीं आलेलीं पोरें गवंड्यांच्या हाताखालीं विटा वाहत, धुराडीं साफ करीत, आणि काम नसे तेव्हां रस्त्यावर पडत. ह्या शहरांतील तुरुंगांत एक ठेंगणा, पाठीस बांक असलेला पुरोहित नित्य जात असे. संत जोसेफ काफासो तें हे. देहान्ताची शिक्षा झालेल्यांना ते वधस्तंभापर्यंत सोबत करीत. इ. स. १८४१ मध्यें नुकतीच गुरुदीक्षा घेतलेले त्यांचे गांवकरी जॉन बॉस्को त्यांच्याजवळ पुढील अध्ययनासाठीं आले, तेव्हां काफासो त्यांना ग्रंथालयाबरोबरच तुरुंगांतहि घेऊन गेले.

तेथें बारा ते अठरा वर्षांचीं धडधाकट, तल्लख मुलें रिकामपणांत कुजत आहेत, उवांनीं व किड्यांनीं पोखरलीं जात आहेत, हें दृश्य पाहून आपण हादरून गेलों, असें डॉन बॉस्को ह्यांनीं आपल्या आठवणींत नमूद केलें आहे. परंतु त्याहूनहि एका गोष्टीनें त्यांच्या मनाचा ठाव घेतला. पुष्कळ मुलें चांगलें वागण्याचा निश्चय करून सुटत, आणि कांहीं दिवसांतच त्याच कोठडींत परत दिसत. ह्याचें कारण त्यांनीं मुलांच्या दुष्टपणांत शोधलें नाहीं. बाहेर पडल्यावर त्यांस आपलें म्हणणारें कोणी नसतें, हें त्यांस आढळलें. ह्यांना बाहेर एखादा मित्र असता, सणावारीं त्यांची विचारपूस करणारा कोणी असता, तर हीं परत आलीं असतीं काय? ह्या एका विचारांतून पुढें त्यांचें सारें कार्य उभें राहिलें. त्याच वर्षीं ८ डिसेंबरला, निष्कलंक गर्भसंभवाच्या सणाच्या दिवशीं, मिस्सेला सेवा करतां येत नाहीं म्हणून बार्तोलोमेओ गारेल्ली नांवाच्या अनाथ गवंडीकाम करणाऱ्या पोरास देवळाच्या नोकरानें काठीनें हांकलून लाविलें. डॉन बॉस्कोंनीं त्याला परत बोलाविलें, आणि पहिली गोष्ट कोणती केली? त्याचें नांव विचारलें. आम्हीं जें केलें नाहीं, तें त्यांनीं प्रथम केलें.

इ. स. १८४५ मध्यें राजा चार्ल्स आल्बर्ट ह्याच्या कारकीर्दींत तुरीनबाहेर स्तुपिनिजीच्या रस्त्यावर अल्पवयी अपराध्यांसाठीं "जेनेराला" नांवाचें सुधारगृह सुरू झालें. डॉन बॉस्को तेथें नियमानें जात, पापनिवेदन ऐकत, धर्मशिक्षण देत. १८५५ च्या वसंत ऋतूंत त्यांनीं तेथील मुलांस आध्यात्मिक साधना दिली. त्यानंतर जें घडलें, तें सालेशियन परंपरेंत असें सांगितलें जातें.

मुलांनीं साधना मनापासून पार पाडली, म्हणून त्यांस एक दिवस मोकळ्या हवेंत न्यावें, असें डॉन बॉस्कोंच्या मनांत आलें. तुरुंगाधिकारी चकित झाला. सुमारें तीनशें कैदी, आणि पहारा नाहीं? प्रकरण मंत्री उर्बानो रात्ताझ्झी ह्याच्याकडे गेलें. हा मनुष्य ख्रिस्तसभेचा स्नेही नव्हे. त्याच वर्षीं मठांवर गदा आणणारा जो कायदा झाला, त्यास इतिहासांत त्याचेंच नांव मिळालें आहे. तरी त्यानें परवानगी दिली, आणि साध्या वेषांतले शिपाई लांबून ठेवतों, असें सुचविलें. डॉन बॉस्कोंनीं तेंहि नाकारलें. त्यांनीं मुलांस एकत्र करून सांगितलें कीं, मीं तुमच्यासाठीं शब्द दिला आहे. मुलें स्तुपिनिजीच्या राजवाड्यापर्यंत चालत गेलीं. मिस्सा झाली, भोजन झालें, खेळ झाले. परततांना डॉन बॉस्को थकलेले दिसले, तेव्हां मुलांनीं शिधा वाहणाऱ्या जनावराच्या पाठीवरील ओझें आपल्या खांद्यांवर घेतलें व त्यांना वर बसविलें. सायंकाळीं हजेरी घेतली, तों एकहि मुलगा कमी नव्हता. हें राज्यसत्तेला कां साधत नाहीं, असें मंत्र्यानें विचारलें असतां, सत्ता आज्ञा देऊं शकते व शिक्षा करूं शकते, पण आम्हांस हृदयाशीं बोलावें लागतें, अशा अर्थाचें उत्तर त्यास मिळालें.

ही कथा व्याख्यानांत सांगतांना आपण येथेंच थांबतों व टाळ्या घेतों. परंतु रात्र झाल्यावर तींच मुलें त्याच कोठड्यांत निजलीं, हें विसरून चालणार नाहीं. एका दिवसाच्या सहलीनें कोणी सुटलें नाहीं. डॉन बॉस्को ह्यांचें थोरपण त्या सहलीपेक्षां तिच्या आधींच्या व नंतरच्या नीरस दिवसांत आहे. वाल्दोक्को येथील आपल्या ओरेटरींतील मुलांना ते कारागिरांच्या हाताखालीं लावीत, आणि नुसते लावून न देतां मालकाशीं लेखी करार करीत. १८५१-५२ सालचे असे करार जपून ठेवलेले आहेत. मालकानें मुलास धंदा नीट शिकवावा, चुकल्यास शब्दांनीं समजावावें, मारूं नये, सणाच्या दिवशीं सुटी द्यावी, अशीं कलमें त्यांत आहेत. ज्या काळीं शिकाऊ पोरास बदडणें हा मालकाचा हक्क समजला जाई, त्या काळीं हें कलम लिहून त्याखालीं पुरोहितानें आपली सही करणें ही लहान गोष्ट नव्हती. पुढें १८७७ मध्यें त्यांनीं आपली पद्धति एका छोट्या निबंधांत मांडली. अपराध झाल्यावर शिक्षा करणारी एक पद्धति, आणि अपराध घडूंच नये म्हणून मुलाच्या सोबत राहणारी दुसरी. ह्या दुसरीचे आधार तीन: विवेक, धर्म आणि ममता. सांत मिकेलेंतील साखळी येथें प्रथम गळून पडली.

डॉन बॉस्को १ एप्रिल १९३४ रोजीं, पुनरुत्थानाच्या सणास, संतपदीं चढले; त्यांचे गुरु काफासो १९४७ मध्यें, आणि पुढल्याच वर्षीं ते इटलींतील कारागृहांचे आश्रयदाते संत ठरले.

एक दुःखद प्रकरण

ज्युबिलीच्या ग्रंथांत गौरवाच्याच गोष्टी असाव्यात, असा संकेत आहे. तथापि आमच्या धर्मांत ज्युबिलीबरोबर पश्चात्तापहि येतो. म्हणून आयर्लंडचें प्रकरण आम्ही गाळूं शकत नाहीं.

त्या देशांत १८५८ च्या कायद्यानें अपराधी मुलांसाठीं सुधारशाळा व १८६८ च्या कायद्यानें निराधार मुलांसाठीं उद्योगशाळा स्थापन झाल्या. सरकार दर मुलामागें पैसे देई, आणि शाळा बहुतांशीं धर्मसंघ चालवीत. आर्टेन, लेटरफ्रॅक, डेंजन हीं त्यांतील कांहीं ठळक नांवें. न्यायालयानें पाठविलेल्या मुलांतील बहुसंख्यांचा खरा अपराध दारिद्र्य हाच होता. येथें ख्रिस्तसेवक बंदिशाळेंत भेटीस जाणारा राहिला नाहीं. किल्ली त्याच्याच हातीं आली. दार बंद झालें, बाहेरचा कोणी आंत येईना, आंतला आवाज बाहेर जाईना.

ह्याविरुद्ध प्रथम मोठ्यानें बोलणाऱ्यांत एक पुरोहितच होते. फादर एडवर्ड फ्लॅनॅगन हे जन्मानें आयरिश. अमेरिकेंतील ओमाहा शहरीं १२ डिसेंबर १९१७ रोजीं उसन्या पैशांनीं घर भाड्यानें घेऊन त्यांनीं पांच मुलांस आश्रय दिला. त्यांतूनच "बॉइज टाउन" ही मुलांची नगरी वाढली. १९४६ मध्यें ते मायभूमीस गेले, आणि तेथील सुधारशाळा व तुरुंग ह्यांचा त्यांनीं उघड धिक्कार केला. त्यांची कायदेमंडळांत हेटाळणी झाली. १९४८ मध्यें ते वारले, आणि विषय मिटला असें सर्वांस वाटलें. तो मिटला नव्हता. २० मे २००९ रोजीं चौकशी आयोगाचा अहवाल प्रसिद्ध झाला. उपासमार, निर्दय मारहाण, अपमान व लैंगिक अत्याचार ह्यांच्या साक्षी त्यांत आहेत; सरकारी तपासणी निष्फळ होती, आणि धर्मसंघांनीं मुलांपेक्षां आपल्या नांवास जपलें, हेंहि त्यांत आहे.

हें लिहितांना आमची मान खालीं जाते. त्या शाळांतहि वेदी होती, मिस्सा होती, क्रूस होता. नव्हता तो फक्त दाराबाहेरून येणारा, मुलाचें नांव ठाऊक असणारा व त्याचें गाऱ्हाणें ऐकणारा मनुष्य. सेवा करणाऱ्यावर कोणाची नजर नसेल, तर पवित्र झग्याआडहि पशु निपजूं शकतो. म्हणून बालकांच्या संस्थेंत जातांना नियम, परवानगी, दोघांनीं मिळून जाणें व तक्रारीस मोकळी वाट असणें ह्यांस कोणीं अपमान समजूं नये. तीं बालकांच्या रक्षणाचीं साधनें आहेत.

आपल्या मुंबई इलाख्यांत

आपल्याकडील इतिहासहि थोडक्यांत पाहूं. १८५० च्या एका कायद्यानें हिंदुस्थानांत अपराधी मुलांस तुरुंगाऐवजीं धंदा शिकण्यास लावण्याची सोय झाली, आणि १८५७ मध्यें मुंबईंत यहुदी व्यापारी डेव्हिड ससून ह्यांच्या नांवाची औद्योगिक सुधारसंस्था उभी राहिली. १९२४ मध्यें मुंबई इलाख्यासाठीं बालकांचा स्वतंत्र कायदा झाला, व त्याच्या अंमलासाठीं १९२७ मध्यें चिल्ड्रेन्स एड सोसायटी स्थापन झाली. तिच्या हातीं डोंगरीच्या जुन्या तुरुंगाची जागा आली. हा तोच तुरुंग, जेथें १८८२ मध्यें टिळक व आगरकर एकशें एक दिवस होते, आणि ज्याच्या आठवणी आगरकरांनीं पुस्तकरूपानें लिहिल्या. मोठ्यांच्या तुरुंगाचें मुलांचें गृह झालें, हें एक पाऊल पुढें होतें. भिंती मात्र त्याच होत्या.

सालेशियन फादर १९०६ मध्यें तंजावरास व १९२८ मध्यें मुंबईस आले. १९८७ पासून त्यांनीं वडाळा येथें रस्त्यावरील मुलांसाठीं आश्रय चालविला. रस्ता व रिमांड होम ह्यांत अंतर किती थोडें असतें, हें डॉन बॉस्कोंच्या पुत्रांस सांगावें लागत नाहीं. केरळांत १९८१ मध्यें सेमिनरींतील कांहीं विद्यार्थ्यांनीं कैद्यांच्या भेटी सुरू केल्या, आणि त्यांतून भारतव्यापी कारागृह-सेवा वाढली.

आजचा २०१५ चा कायदा अशा बालकास गुन्हेगार म्हणत नाहीं. विधिसंघर्षग्रस्त बालक म्हणतो. संस्थेंत ठेवणें हा शेवटचा उपाय असावा, असें तो सांगतो. बालकाची ओळख उघड करण्यास तो मनाई करितो, आणि अठरा वर्षें पूर्ण होऊन संस्थेंतून बाहेर पडणाऱ्यांसाठीं अनुरक्षणाची तरतूद करितो. घोर अपराधाच्या प्रकरणीं सोळा वर्षांवरील मुलावर प्रौढाप्रमाणें खटला चालविण्याची वाटहि त्यांत आहे. कायद्याच्या पुस्तकांत ममतेचें कलम घालतां येत नाहीं. ती जागा माणसांनीं भरावयाची असते.

कार्डिनल आणि मुलें

ती जागा कशी भरावी, ह्याचें एक उदाहरण देऊन हा इतिहास आटोपतों. रोममध्यें काझाल देल मार्मो नांवाचें अल्पवयी बंदिवानांचें कारागृह आहे. रोममधील बंदिवान मुलांकडे आगोस्तीनो काझारोली नांवाचे एक पुरोहित वर्षानुवर्षें जात, व ह्या गृहांतहि त्यांचें जाणें अखंड चालूं राहिलें. पोपमहाशयांच्या वतीनें साम्यवादी सरकारांशीं वाटाघाटी करणारे ते मुत्सद्दी. १९७९ मध्यें ते कार्डिनल व व्हॅटिकनचे राज्यसचिव झाले. मुलांना मात्र ते साधे फादर म्हणूनच ठाऊक होते. १९६३ मध्यें तेविसावे योहान पोपमहाशय मरणोन्मुख असतां काझारोली त्यांच्या भेटीस गेले. निरोप घेतांना पोपमहाशयांनीं राजकारणाचें कांहीं विचारलें नाहीं. तुम्ही अजून त्या मुलांकडे जातां ना, एवढेंच विचारलें, आणि त्यांना कधीं सोडूं नका असें सांगितलें. काझारोलींनीं १९९८ मध्यें मरण येईपर्यंत हा शब्द पाळला.

त्याच कारागृहांत २८ मार्च २०१३ रोजीं, पवित्र गुरुवारीं, नुकतेच निवडून आलेले फ्रान्सिस पोपमहाशय गेले व त्यांनीं बारा तरुणांचे पाय धुतले. त्यांत दोन मुली होत्या; सारे कॅथलिकहि नव्हते, मुसलमानहि होते. जगानें त्या दिवसाचीं छायाचित्रें पाहिलीं. आम्हांस अधिक भावलें तें हें कीं, दहा वर्षांनीं, ६ एप्रिल २०२३ रोजीं, देह थकलेला असतांना ते पुन्हां तेथेंच गेले. पहिली भेट बातमी असते. दुसरी भेट सेवा असते.

उपसंहार

धर्मग्रामस्थ बंधुभगिनींनो, ज्युबिलीच्या ह्या वर्षीं आपण देवळास रंग दिला, घंटा नवी केली. देव तुमचें भलें करो. आणखी एक गोष्ट आम्ही मागतों. आपल्यांतील कांहीं जणांनीं, रीतसर परवानगी घेऊन, महिन्यांतून एका ठराविक दिवशीं जवळच्या निरीक्षणगृहांत जावें. तेथील बहुतेक मुलें आपल्या धर्माचीं नसतील. त्यांचा धर्म बदलण्यासाठीं नव्हे, तर त्यांत ख्रिस्त भेटतो म्हणून जावें. आपल्यांत गॅरेजवाले आहेत, सुतार आहेत, बेकरीवाले आहेत. सुटून येणाऱ्या एखाद्या मुलास हाताखालीं घेतां येईल काय, ह्याचा त्यांनीं विचार करावा. आणि डॉन बॉस्कोंच्या करारांतील न मारण्याचें कलम ध्यानांत ठेवावें. पुष्कळांनीं एकदां जाण्यापेक्षां तिघांनीं पुष्कळदां जाणें बरें.

आमच्या त्या मुलाचें पुढें काय झालें, हें आम्हांस कळलें नाहीं. आतां तो पुरता प्रौढ झाला असेल. मिस्सेंत बंदिवानांसाठीं प्रार्थना होते, तेव्हां आम्ही त्याला नांवावांचून आठवतों, आणि परमेश्वरास त्याचें नांव ठाऊक आहे, ह्यावर विसंबतों. परंतु पुढल्या मुलाच्या बाबतींत असें विसंबून राहण्याचा आम्हांस अधिकार नाहीं. तो दारापर्यंत येऊन "परत केव्हां येणार?" असें विचारील, तेव्हां त्यास नांवानें हांक मारून तारीख सांगतां यावी, आणि त्या तारखेस आपण तेथें असावें. एवढें जरी ह्या धर्मग्रामाच्या हातून घडलें, तरी आपल्या ज्युबिलीचा कर्णा खऱ्या अर्थानें वाजला, असें आम्ही समजूं.